एकशे सतरावं पाकीट

"सत्याला जगात दोनच शत्रू आहेत. एक अज्ञान आणि दुसरा अहंकार. आजपासून आपण या दोघांशी युद्ध पुकारत आहोत!"

हे वाक्य मी आमच्या संशोधनाच्या पहिल्या बैठकीत, टेबलावर हलकी मूठ आपटून म्हटलं. आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. वाक्य संपल्यावर टाळ्यांसाठी ठेवतात तेवढी जागाही ठेवली. त्या जागेत मागच्या खुर्चीवरून एका बाईंचा आवाज आला.

"दोनच कशावरून, सर? किती मोजले?"

टाळ्या राहूनच गेल्या. अज्ञान आणि अहंकार दोघेही पहिल्याच दिवशी सुखरूप सुटले.

या आमच्या संख्याशास्त्रज्ञ बाई. वैद्यकीय संशोधनात डॉक्टर औषध देतो, रोगी ते घेतो आणि औषधाचा खरंच उपयोग झाला का, हे तिसराच माणूस ठरवतो. तो माणूस म्हणजे या बाई. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तुम्ही त्यांना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न "किती?" हाच. "रोगी लवकर बरे होतात" म्हटलं की "किती लवकर?" "पुष्कळांना फायदा झाला" म्हटलं की "पुष्कळ म्हणजे किती?" वॉर्डातल्या सिस्टरनी दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं नाव कितीबाई ठेवलं. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "असं किती जण म्हणतात?"

मी त्या वेळी छातीरोग विभागाचा प्रमुख होतो. न्यूमोनिया फार वाढलेल्या रोग्यांसाठी एक नवं इंजेक्शन आलं होतं. पाच दिवस, रोज एक. मी ते परदेशातल्या एका परिषदेत ऐकून आलो होतो आणि लग्न ठरलेल्या मुलासारखा हवेत होतो. इंजेक्शनाचा साठा फक्त संशोधनापुरता मिळाला होता, बाहेर कुठे मिळत नव्हता. दोनशे चाळीस रोगी घ्यायचे. निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक हे इंजेक्शन, उरलेल्यांना नुसते नेहमीचे उपचार. तीस दिवसांनी कोण आहे आणि कोण नाही, हे मोजायचं.

कोणाला काय मिळणार, हे मी ठरवायचं नव्हतं. ते बाईंच्या संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. एक ते दोनशे चाळीस आकड्यांची बंद पाकिटं. आत एक कार्ड, त्यावर एकच शब्द, 'नवे' किंवा 'नेहमीचे'. रोगी आला, त्याने संमतीच्या कागदावर सही केली, की पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं आणि वहीत नंबर, तारीख, वेळ लिहायची. रांग मोडायची नाही.

"डॉक्टरला आधी कळता कामा नये," बाईंनी आम्हाला बजावलं होतं. "कळलं की डॉक्टर दयाळू होतो."

"मग त्यात वाईट काय?" सिस्टरनी विचारलं.

"दया आली की तो अशक्त माणसाला नव्या औषधाकडे ढकलतो. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला धडधाकट माणसाला ढकलावंसं वाटतं. शेवटी औषधाने काय केलं आणि दयेने काय केलं, हे वेगळं काढता येत नाही."

भांडारातून पाकिटं आली ती खाकी आणि पातळ. बाईंनी मागणी केली, की प्रत्येक पाकिटात आतून चंदेरी कागदाचं अस्तर हवं, म्हणजे उजेडावर धरलं तरी काही दिसणार नाही.

"बाई, पाकिटात काय डबा भरायचाय?" मी म्हटलं. सगळे हसले. "इथे काय चोर बसलेत का? चालतंय हो."

"मग अस्तराची गरज नाही असं लिहून द्या, सर."

मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. बाईंनी कागद माझ्यापुढे परत सरकवला.

"तारखेत वर्ष नाही."

"अहो, कुठलं वर्ष आहे ते सगळ्यांना माहितीये."

"या वर्षी सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या वर्षी कोणालाच नसतं."

मला दिवस आणि महिना एवढंच लिहायची सवय होती, आणि प्रमुखाच्या सवयीला कोणी सवय म्हणत नाही, पद्धत म्हणतात. त्या तीन वर्षांत बाईंनी हे वाक्य मला अगणित वेळा ऐकवलं. अगणित म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं असतं. तर किमान चाळीस.

दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये माझा थोरला भाऊ आमच्या वॉर्डात आला.

दादा भूमापन खात्यात नकाशे काढायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी घरातलं टेबल भिंतीला समांतर नसेल तर त्याला जेवण जात नसे. आठवडाभराच्या तापाकडे त्याने दुर्लक्ष केलं होतं आणि वहिनींनी बळेच आणला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं खालपासून अर्ध्यापर्यंत पांढरी.

दुपारची वेळ. माझे हाताखालचे डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे अडकलेले. आपल्याच माणसाला आपण संशोधनात घ्यायचं नसतं, दुसऱ्या डॉक्टरला बोलवायचं असतं. मी बोलावलं नाही. त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून संमतीचा कागद मीच वाचून दाखवला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना दादा तो कागद नकाशासारखा ऐकत होता.

"म्हणजे ते इंजेक्शन मला मिळणार की नाही, हे पाकीट ठरवणार?"

"हो."

"तू नाही?"

"मी नाही."

"मग बरं." त्याने दम खाल्ला. "तू लहानपणी पत्ते पिसतानासुद्धा खालचं पान बघायचास."

"दादा, बोलू नकोस. दम लागतोय."

"बघू नको हं, धाकट्या," तो म्हणाला आणि त्याने सही केली. खाली तारीख, महिना, वर्ष, सगळं व्यवस्थित. नकाशे काढणारा माणूस.

पाकिटं माझ्या खोलीतल्या कपाटात असायची. त्या खोलीत भिंतीवर एक्स-रे बघायचा दिवा असतो, पांढऱ्या काचेचा, मागून उजेड येणारा. मी तीस वर्षं रोज त्याच्यासमोर उभा राहिलो आहे. हातात काहीही पातळ आलं की ते त्या काचेवर धरायचं, हे माझ्या हाताला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकदा वाण्याची यादीसुद्धा धरली होती. पण त्या दिवशी हाताचा काही दोष नव्हता. मी कपाट उघडलं, एकशे सतरा नंबरचं पाकीट काढलं, दार लावून घेतलं आणि दिवा चालू केला.

आतल्या कार्डावर लांब शब्द होता. अक्षरं वाचता येत नव्हती, पण 'नवे' हा शब्द एवढा लांब नाही.

मी एकशे अठरावं पाकीट धरलं. शब्द आखूड होता.

एकशे सतरा परत कपाटात ठेवलं आणि एकशे अठरा फोडलं. सगळ्याला किती वेळ लागला, असं बाईंनी विचारलं असतं तर फार तर अर्धं मिनिट.

दादाकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं, "काय निघालं?"

"नवं."

"न बघता?"

"न बघता."

त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं. ते इंजेक्शनाचं होतं की धाकटा भाऊ सुधारल्याचं, हे मी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपड्यांची शिलाई करणाऱ्या एक बाई आल्या, बावन्न वर्षांच्या. त्यांच्यासाठी माझ्या हाताखालच्या डॉक्टरने रांगेतलं पुढचं पाकीट म्हणून एकशे सतरावं फोडलं. 'नेहमीचे.' बारा दिवसांनी त्या स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. जाताना सिस्टरना म्हणाल्या, "तुमच्या उश्यांची शिवण उसवलीये. जरा बघा."

दादा नवव्या दिवशी गेला. शेवटचे तीन दिवस त्याची मूत्रपिंडं थांबली होती. मी मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला नकार दिला, ती दुसऱ्याने केली.

त्यानंतर दीड वर्षाने दोनशे चाळिसावं पाकीट फुटलं आणि सगळे कागद बाईंकडे गेले. दोन महिन्यांनी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. वर कोणी चढलं की बोलणं थांबवावं लागे. टेबलावर एक कागद होता आणि त्यावर चार आकडे.

"नवं इंजेक्शन, एकशे वीस रोगी. तीस दिवसांत गेले एकतीस. नेहमीचे उपचार, एकशे वीस रोगी. गेले बावीस."

मी कागद उलटा धरलाय का, हे आधी बघितलं.

"म्हणजे इंजेक्शनाने माणसं मेली?"

"असं म्हणता येत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. पण फायदा झाला असं म्हणायला काहीही आधार नाही, सर. तोटा झालाच नाही असं म्हणायलाही नाही."

वर कोणीतरी जिना चढलं. पावलं गेल्यावर बाईंनी वही उघडली.

"एक बारीकसं राहिलंय. एकशे अठरावं पाकीट चार मार्चला फुटलंय आणि एकशे सतरावं पाच मार्चला. रांग उलटी झालीये. अशा तीन जागा आणखी होत्या, तिथे डॉक्टरांनी घाईत नंबर खालीवर लिहिले होते, मी विचारून खात्री केली. इथे एकशे अठराच्या ओळीत तुमचं अक्षर आहे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "लिहिण्यातली चूक म्हणू का?"

एवढं सोपं होतं. बाईंकडे रोग्यांची नावं नव्हती, फक्त नंबर. एकशे अठरा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवायची होती.

मी हलवली.

"बरं," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. वहिनींनी दादाचं टेबल अजून भिंतीला समांतर ठेवलं होतं. शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांना दम्याचा त्रास, म्हणून वहिनी त्यांना माझी ओळख करून देत होत्या.

"आमचे हे भाऊजी. ह्यांच्यामुळे आमच्या घरच्यांना ते नवीन इंजेक्शन तरी मिळालं हो. बाहेर कुठे मिळत नाही ते. गेले ते गेले, पण करायचं काही बाकी ठेवलं नाही भाऊजींनी."

"नशीब लागतं असे दीर मिळायला," काकू म्हणाल्या.

मी पाणी मागितलं. वहिनी आत गेल्या तशा काकू माझ्याकडे झुकल्या. "आमच्या ह्यांना मिळेल का हो ते?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचा उपयोग होत नाही."

"असं कसं? तुम्ही तर सख्ख्या भावाला दिलंत!"

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि टेबलाचा कोपरा उगाच थोडा सारखा केला. तो आधीच सारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखाली गेलो.

"बाई, ती लिहिण्यातली चूक नव्हती."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी पाकीट दिव्यावर धरलं. एक्स-रेच्या. एकशे सतरामध्ये 'नेहमीचे' होतं. ते ठेवून दिलं आणि पुढचं फोडलं. एकशे अठरा माझा भाऊ."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, अस्तर मागितलं होतं मी. एवढं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं. त्या म्हणाल्या,

"किती वेळा?"

"काय?"

"किती पाकिटं दिव्यावर धरलीत?"

"दोन. तीच दोन. त्या एकाच दिवशी."

"दोनशे चाळिसांत दोन."

"हो."

"मला नीट आठवून सांगा, सर. बाकीच्या दोनशे अडतीसांचा भरवसा त्यावर आहे."

मी नीट आठवलं आणि परत तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. एखादा आकडा दुसऱ्यांदा तपासावा तसं. मग वही ओढली, एकशे सतरा आणि एकशे अठराच्या ओळींवर खुणा केल्या आणि संगणकाकडे वळल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटं मी जिन्याच्या उतरत्या छताखाली मान वाकवून उभा होतो. माझ्या विभागात मी कधी इतका वेळ कोणासमोर उभा राहिलो नव्हतो.

"हे दोघं धरून आणि दोघं वगळून, दोन्ही प्रकारे केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "वगळले तर एकशे एकोणिसांत तीस आणि एकशे एकोणिसांत बावीस. निष्कर्ष बदलत नाही. अहवालात दोन्ही आकडे देऊ आणि का, तेही लिहू."

निष्कर्ष बदलत नाही. दादा जन्मभर कुरकुरायचा, की या घरात मला कोणी मोजत नाही. इथे त्याला मोजलं होतं, मग वगळून मोजलं होतं, आणि दोन्ही वेळा काही फरक पडला नव्हता.

"बाई," मी म्हटलं, "मी त्याला मारलं का?"

जिन्यावर पावलं वाजायला लागली. कोणीतरी सावकाश, कठड्याला धरून चढत होतं. बाई थांबल्या. पावलं वर गेली, दुसऱ्या वळणावर थांबली, पुन्हा चालू झाली, मग ऐकू येईनाशी झाली.

"एकावरून काही सांगता येत नाही, सर."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तीन वर्षं ऐकत होतो. एखादा रोगी टुणकन उठून बसला आणि मी हरखून सांगायला गेलो, की हेच. वॉर्डात आम्ही त्यांची नक्कल करायचो, चष्म्याच्या दोरीसकट.

"ते एकशे सतरावं पाकीट तुमच्या भावासाठी फोडलं असतं," बाई हळू बोलत होत्या, "तर ते त्या बावीसांत असते की वाचलेल्या अठ्ठ्याण्णवांत, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही. दोनशे चाळीस माणसांना विचारून मला एक उत्तर मिळतं, ते सगळ्यांचं मिळून असतं. एकाचं वेगळं काढून देता येत नाही. आलं असतं तर..." त्यांनी चष्मा काढला. तो दोरीला लोंबकळत राहिला. "नाही येत."

"आणि त्या शिलाईवाल्या बाई? त्या वाचल्या त्या माझ्यामुळे?"

"त्यांचंही तेच. ते श्रेय तुम्हाला घेता येणार नाही."

मला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी भलत्या वाटेने गेलं. बाईंनी खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या. मी बसलो. किती वेळ बसलो, हे त्यांनी त्या दिवशी मोजलं नसावं.

"मी न बघता फोडलं असं त्याला सांगितलं," मी म्हणालो.

"हे मला वहीत घेता येत नाही."

"माहितीये."

"घरच्यांना सांगितलंत?"

"संध्याकाळी सांगणार आहे."

बाईंनी मान हलवली आणि खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जे झालं ते माझ्या शब्दांत, माझ्या अक्षरात. हा कागद संस्थेच्या नीतिसमितीकडे जाणार होता आणि तिकडून माझ्या विभागप्रमुखपदाचं काय व्हायचं ते होणार होतं. ते सहा आठवड्यांनी झालंच. पण त्या सकाळी ते फार लांबचं वाटत होतं.

मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर मी "परिस्थितीच्या दडपणाखाली" असं लिहिलं. बाईंनी वाचलं आणि दुसरा कोरा कागद पुढे ठेवला. दुसऱ्यावर मी लिहिलं: 'मी एकशे सतरा नंबरचे पाकीट एक्स-रेच्या दिव्यावर धरून आतले कार्ड ओळखले. ते बाजूला ठेवून एकशे अठरा नंबरचे तसेच ओळखून माझ्या थोरल्या भावासाठी फोडले. पाकिटांना अस्तराची मागणी झाली होती, ती मी नाकारली होती. भावाने मला बघू नकोस असे सांगितले होते.'

शेवटच्या ओळीची गरज नव्हती. ती मी खोडली नाही. सही केली, सहीखाली तारीख घातली आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. तीस वर्षांत मी हजारो कागदांवर सह्या केल्या असतील, पण हात असा हलका कधी झाला नव्हता, आणि इतका जडही.

बाईंनी कागद उचलला. पहिल्यांदा भरभर वाचला. दुसऱ्यांदा सावकाश, ओळीखाली बोट फिरवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढून एकदा पुसला, पुन्हा लावला, आणि कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाल्या,

"सर, तेवढं वर्ष लिहा."